मदत हवी आहे: एकाच मुलाची दोन बिलं निघतायत (पायथन, फक्त स्टँडर्ड लायब्ररी)

खाडेबहाद्दर (सोमवार, रात्री ११.२०)

मंडळी, नमस्कार. सदाशिव पेठेत माझ्या मावशीची मेस आहे. जेवायला चाळीसएक मुलं, बहुतेक एमपीएससीवाली. अभ्यासिकेतून उठून येतात, जेवतात, परत अभ्यासिकेत. बिलांचा हिशोब इतकी वर्षं लाल वहीत व्हायचा. दिवाळीत मी बढाई मारली की हे सगळं पायथनमध्ये करून देतो. आता महिनाअखेर आली की मावशी वही मिटून ठेवते आणि माझ्याकडे बघत बसते.

नियम असा: महिन्याचे पैसे ठरलेले. सलग तीन किंवा जास्त दिवस खाडा असेल तरच वजावट, दर वेळेचे ५२ रुपये ५० पैसे. एकदोन दिवसांचे सुटे खाडे धरत नाहीत (यावरून दर महिन्याला एक तरी भांडण होतं, त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल). खाड्यांची नोंद एका शीटमध्ये: नाव, तारीख, वेळ. दुपारच्या नोंदी मावसभाऊ मोबाइलवरून करतो, रात्रीच्या मी माझ्या लॅपटॉपवरून. महिन्याच्या शेवटी त्याची सीएसव्ही (कॉलम स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी फाइल) काढून मेसमधल्या जुन्या लॅपटॉपवर नेतो, कारण प्रिंटर तिथे आहे. त्या लॅपटॉपला नेट नाही. पायथन पेनड्राइव्हवरून टाकलंय. म्हणजे पायथनसोबत जे येतं तेवढ्यातच भागवायचंय.

'नाव' हा कॉलम फाइलमध्ये डोळ्यांना दिसतो, पण डिक्टरीडरने (पायथनचं कॉलमच्या नावाने ओळी वाचणारं साधन) वाचलं की कीएरर, म्हणजे या नावाचं काही नाहीच म्हणे. सध्या हेडरची ओळ सोडून कॉलमच्या नंबराने वाचतोय. ते एक वेळ चालेल. पण कऱ्हाडे नावाच्या मुलाची (आडनाव बदललंय, अडचण तीच) दोन बिलं निघतात. एकात दुपारचे खाडे, दुसऱ्यात रात्रीचे. दोन्ही नावं शेजारी शेजारी ठेवून अक्षरश: भिंगातून बघितली, काडीचा फरक नाही. कडेची मोकळी जागा काढणारं स्ट्रिपही लावून झालं. शिवाय सलग दिवस मोजायला मी दोन फ्लॅग आणि चार इफ असलेलं एक लूप लिहिलंय, ते महिना बदलला की गडबडतं. ३० तारखेनंतर १ आली की त्याला वाटतं मुलगा परत जेवायला लागला.

कोड इथे चिकटवला की इंडेंट सपाट होतात, म्हणून शब्दांत विचारतोय.

चिकूमिल्कशेक (सोमवार, रात्री ११.३१)

पांडाज (तक्त्यांच्या हिशोबाची लायब्ररी) घे, नावांचे गट करायला ग्रुपबाय मार, पाच मिनिटांचं काम.

खाडेबहाद्दर (सोमवार, रात्री ११.३३)

नेट नाही, असं वर लिहिलंय हो.

चिकूमिल्कशेक (सोमवार, रात्री ११.३४)

मग व्हील फाइल (लायब्ररीचं तयार पॅकेज) पेनड्राइव्हवरून टाक.

निवृत्त_कोबोल (सोमवार, रात्री ११.५२)

चाळीस मुलांच्या बिलासाठी पांडा कशाला पाळायचा? आणि पांडाज आणलं तरी कऱ्हाडेचे दोन कऱ्हाडेच राहतील. त्याचा ग्रुपबायसुद्धा तुझ्या डिक्शनरीइतकाच (नाव ही की, आणि त्या कीखाली नोंदी) आंधळा.

खाडेबहाद्दर, एक कर. ती दोन्ही आडनावं आस्की या बिल्टिन फंक्शनमधून काढून प्रिंट कर (ते प्रत्येक देवनागरी चिन्हाचा युनिकोड नंबर दाखवतं) आणि दोघांची लेन, म्हणजे लांबी, सांग. स्क्रीनवर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नकोस, स्क्रीन सगळं गोड करून दाखवते.

मृण्मयी_क (मंगळवार, सकाळी ८.०५)

कीएररचं उत्तर सोपं आहे. ती फाइल एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केली असणार. एक्सेल तेव्हा फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाचं एक न दिसणारं चिन्ह ठेवतं. तुम्ही यूटीएफ-८ म्हणून वाचलंत की ते पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटतं, म्हणजे तुमची की 'नाव' नसून 'बीओएम अधिक नाव' अशी होते. ओपनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या, बीओएम असला तर गिळला जाईल, नसला तरी काही बिघडत नाही. आणि न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग द्यायला विसरू नका, नाहीतर विंडोजवर लिहिताना दर ओळीनंतर एक रिकामी ओळ येते.

स्ट्रिपने हे जात नाही, कारण स्ट्रिप फक्त ज्याला पायथन मोकळी जागा मानतं तेच काढतं. बीओएम त्यात बसत नाही.

खाडेबहाद्दर (मंगळवार, दुपारी २.४०)

ताई, कीएरर गेला! पण मध्ये तासभर वेगळाच तमाशा झाला. नव्याने नीट लिहू म्हणून वेगळी फाइल केली, तर म्हणे सीएसव्हीमध्ये डिक्टरीडर नावाचं काही नाहीच. काल तर होतं!

मृण्मयी_क (मंगळवार, दुपारी २.४४)

नव्या फाइलचं नाव काय ठेवलंत?

खाडेबहाद्दर (मंगळवार, दुपारी २.४५)

...सीएसव्ही डॉट पीवाय.

निवृत्त_कोबोल (मंगळवार, दुपारी ३.१०)

इम्पोर्ट म्हटलं की पायथन आधी स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये बघतं, मग स्वत:च्या लायब्ररीत. तुझी स्क्रिप्ट स्वत:लाच इम्पोर्ट करत बसली. नाव बदल. रँडम, कॅलेंडर, ईमेल ही नावंही फाइलला देऊ नकोस. मी एकदा ईमेल दिलं होतं, अख्खी दुपार गेली.

कऱ्हाडेचं काय झालं?

खाडेबहाद्दर (मंगळवार, दुपारी ३.२६)

काका, हे घ्या. लेन एकाची ७, दुसऱ्याची ८! आस्कीमध्ये बाकी सगळं सारखं, फक्त क नंतर मोबाइलवाल्यात ०९३१, ०९४डी आहे आणि माझ्यात ०९३०, ०९४डी, २००डी. २००डी म्हणजे काय ते युनिकोडडेटाच्या नेम फंक्शनला विचारलं, तर झीरो विड्थ जॉइनर म्हणालं.

निवृत्त_कोबोल (मंगळवार, दुपारी ४.०२)

सापडला. कऱ्हाडे, गोऱ्हे, दुसऱ्या, पायऱ्या यांतला जो अर्धा र आडव्या कोयरीसारखा दिसतो, तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे ऱ आणि त्याचा पाय मोडायचा. दुसरी म्हणजे साधा र, पाय मोडायचा, आणि पुढे ते न दिसणारं जॉइनर ठेवायचं. कागदावर दोन्ही एकच, स्ट्रिंग म्हणून दोन. तुझ्या कीबोर्डला एक सवय, भावाच्या मोबाइलला दुसरी. वाद घालू नका, दोघंही बरोबर.

मृण्मयी_क (मंगळवार, दुपारी ४.१५)

युनिकोडडेटाचं नॉर्मलाइझ (वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं एकच अक्षर एका साच्यात आणणारं) लावलं तर?

निवृत्त_कोबोल (मंगळवार, दुपारी ४.३८)

मलाही आधी तेच वाटलं, म्हणून करून बघितलं. त्यातला एनएफसी हा प्रकार लावला की 'र आणि खाली नुक्ता' याचा ऱ होतो, तेवढं काम होतं. पण र-पाय-जॉइनर या तिकडीला ते हात लावत नाही. एनएफकेसीसुद्धा नाही. युनिकोडच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे हे हाताने करायचं: आधी एनएफसी, मग रिप्लेसने ०९३०, ०९४डी, २००डी या तिकडीच्या जागी ०९३१, ०९४डी.

क्रम महत्त्वाचा. 'जॉइनर नको ना, मग सरसकट उडवा' असं केलंस तर उरतो र आणि पाय, आणि त्याचा होतो रफार. कऱ्हाडेचा कर्हाडे. बिल परत वेगळं, वर मुलगा येऊन विचारणार माझं आडनाव कोणी बदललं. तिकडी बदलून झाली की मगच उरलेले जॉइनर काढ. आणि ही सगळी चाळणी फक्त डिक्शनरीच्या कीसाठी वापर. बिलावर छापायला नाव जसं आलं तसंच राहू दे.

मृण्मयी_क (मंगळवार, सायंकाळी ५.२०)

हे माहीत नव्हतं. या नादात आणखी एक: नावं तोडायला रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकूर शोधायचे नमुने) बॅकस्लॅश-डब्ल्यू, म्हणजे 'शब्दातलं अक्षर' ही खूण, वापरू नका. पायथनच्या आरई मॉड्यूलला काना, वेलांटी, पाय मोडलेलं चिन्ह ही अक्षरं वाटतच नाहीत. कुलकर्णी दिलं की क, लकर, ण असे तीन तुकडे हातात येतात. साधं स्प्लिट बरं.

खाडेबहाद्दर (मंगळवार, रात्री १०.५०)

काका, कऱ्हाडे एक झाला. त्याच्याबरोबर आणखी दोन मुलं एक झाली, ज्यांच्याकडे माझं लक्षच नव्हतं. म्हणजे मागच्या महिन्यात त्यांनाही दोन दोन बिलं गेली होती आणि त्यांनी निमूटपणे एकच भरलं.

आता तारखा. भाऊ मोबाइलवरून देवनागरी आकडे टाकतो. गंमत म्हणजे मजकुराचा आकडा करणाऱ्या इंटला १५ देवनागरीत दिलं तरी चालतं, पण मजकुराची तारीख करणारं डेटटाइमचं स्ट्रिपटाइम व्हॅल्यूएरर देतं. हे काय?

मृण्मयी_क (बुधवार, सकाळी ७.५०)

इंट, फ्लोट आणि डेसिमल तिघांनाही देवनागरी आकडे कळतात. स्ट्रिपटाइम मात्र आतून दिवसाचा पहिला आकडा इंग्रजी आकड्यांमध्येच शोधतं. स्ट्रिंगच्या मेकट्रान्सने दहा आकड्यांचा तक्ता करा, ट्रान्सलेट लावा, मग स्ट्रिपटाइमला द्या. दोन ओळी. किंवा तारीख स्प्लिट करून तिन्ही तुकडे इंटमधून काढा आणि डेटला द्या, मग तक्ताही नको.

निवृत्त_कोबोल (बुधवार, सकाळी ९.१५)

आता सलग दिवसांचं. तुझे फ्लॅग आणि इफ सगळे काढून टाक.

डिफॉल्टडिक्ट (नवी की आली की तिची रिकामी जागा आपोआप करणारी डिक्शनरी) घे, त्यात की म्हणून नाव आणि वेळ यांची जोडी, व्हॅल्यू म्हणून सेट (यात एकच गोष्ट दोनदा राहत नाही). लिस्ट नको, सेटच. का ते सांगतो. प्रत्येक सेटमधल्या तारखा सॉर्ट कर. समज खाडे ४, ५, ६, ११ आणि १२ तारखेला आहेत. एन्युमरेट लावलंस की त्यांना क्रम मिळतो ०, १, २, ३, ४. आता तारखेतून क्रम वजा कर: ४, ४, ४, ८, ८. दिसलं? तारखा सलग असल्या की तारीखही एकने वाढते आणि क्रमही, म्हणून वजाबाकी तीच राहते. मध्ये खंड पडला की वजाबाकी उडी मारते. या वजाबाक्या कलेक्शन्समधल्या काउंटरला दे. तो सांगेल ४ तीनदा, ८ दोनदा. तीन किंवा जास्त असलेले धर, बाकी सोड. ११ आणि १२ गेले.

तारखेच्या आकड्याऐवजी डेटचं टूऑर्डिनल वापर. इसवी सनाच्या पहिल्या दिवसापासून मोजलेला तो सरळ नंबर असतो, त्याला महिना बदलल्याचं काही सोयरसुतक नाही. ३० एप्रिल, १ मे, २ मे सलगच येतील. फक्त अशा वेळी एप्रिलची फाइलही सोबत वाचावी लागेल, आणि वजावट कोणत्या बिलात ते मावशींना विचार, पायथनला नको.

सेट का, तर एकच खाडा चुकून दोनदा टाकला गेला तर ४, ५, ५, ६ होतं आणि वजाबाक्या ४, ४, ३, ३. तीन दिवसांचा खाडा मोडून दोन-दोन झाला, मुलाचे पैसे बुडाले. बरेच जण यासाठी इटरटूल्समधलं ग्रुपबाय सुचवतात. त्याने होतं, पण नुसती मोजणी हवी असेल तर काउंटर पुरतो.

खाडेबहाद्दर (बुधवार, रात्री १२.१०)

काका, माझं चाळीस ओळींचं लूप सहा ओळींत आलं. मी ते जुनं लूप पंधरा दिवस लिहीत होतो, हे मावशीला सांगणार नाही.

एक शेवटचं. दोन मुलं फक्त दुपारी जेवतात. एकाचे ५ खाडे, म्हणजे २६२.५०. राउंड म्हणतं २६२. दुसऱ्याचे ७, म्हणजे ३६७.५०. तिथे राउंड म्हणतं ३६८. एकाला खाली, एकाला वर? मावशीच्या वहीत दोन्हीकडे वरचा रुपया आहे.

मृण्मयी_क (गुरुवार, सकाळी ८.३०)

पायथनचं राउंड बरोबर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम आकड्याकडे जातं. २६२ सम, ३६८ सम. डेसिमल मॉड्यूल घ्या, क्वांटाइझ करताना (पूर्ण रुपयात आणताना) राउंड-हाफ-अप, म्हणजे अर्धा आला की वर, असं सांगा. डेसिमलला रक्कम स्ट्रिंग म्हणून द्या, फ्लोट म्हणून नाही, नाहीतर फ्लोटची घाण (दशांशातली बारीक चूक) तशीच आत येते.

खाडेबहाद्दर (शनिवार, दुपारी ४.०५)

बिलं छापली. रुपया मावशीच्या वहीशी जुळला. उशीर झाला कारण मी जरा शहाणपणा केला. कऱ्हाडेचा धसका घेऊन ठरवलं की टायपिंगच्या चुकाही आपोआप पकडू. डिफलिबमध्ये मिळतेजुळते शब्द शोधणारं गेट-क्लोज-मॅचेस सापडलं, कटऑफ (किमान साम्य) ०.९ ठेवला आणि जुळणारी नावं सरळ एक केली. त्यात सुमित पाटील आणि सुमीत पाटील एक झाले. अकरा चिन्हांतली दहा सारखी, ०.९ च्या वर गेलं.

मावशीने बिलांचा गठ्ठा चाळला आणि म्हणाली, "दुसरा सुमीत कुठंय? एकाला ताक लागतं, एक ताकाला शिवत नाही." दोघं एकाच खोलीत राहतात.

निवृत्त_कोबोल (शनिवार, दुपारी ४.३०)

डिफलिबने फक्त संशयितांची यादी काढ आणि मावशींपुढे ठेव, एक करायचं की नाही ते त्या सांगतील. खरं तर नावाला की करूच नये. प्रत्येक मुलाला नंबर द्यायला हवा होतास.

खाडेबहाद्दर (शनिवार, दुपारी ४.४१)

आहे हो काका. वहीत प्रत्येक मुलाचं पान ठरलेलं आहे. सुमित पान १४, सुमीत पान ३१. शीटमध्ये 'पान' असा कॉलम वाढवतोय, भावाला आत्ताच फोन केला.