मदत हवी आहे: मामांना कसं समजावू?

डिचोलीचे माझे मामा रोज सकाळी चहात पोई बुडवत २६/११ वरचे व्हॉट्सॲप व्हिडिओ बघतात. ‘सगळं सरकारनंच घडवलं, कसाब नुसतं प्यादं,’ हे आता त्यांना पाठ झालंय. कसाब गिरगाव चौपाटीवर जिवंत पकडला गेला, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याची फाशी कायम केली, असं सांगितलं की विचारतात, ‘मग करकऱ्यांचं जॅकेट कुठं गेलं?’ इथं माझी बोलती बंद, कारण हल्ल्यात शहीद झालेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांचं बुलेटप्रूफ जॅकेट खरंच गहाळ झालं होतं! पण हलगर्जीपणा वेगळा आणि कट वेगळा, हे त्यांच्या गळी कसं उतरवू? त्या निकालाचा सोप्या मराठीतला गोषवारा कुणाकडे आहे का? मामांना इंग्रजी वाचवत नाही, आणि भाचीवर विश्वास नाही. चवथीला सगळे घरी जमायच्या आत मिळाला तर बरं.