मदत हवी आहे: चर्चच्या वाडीत गार्डन पार्टी करतोय, तिकिटं, लकी ड्रॉ आणि हिशेबाचं कसं करावं?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव वसईच्या किनारपट्टीवर. चर्चच्या वाडीत संध्याकाळी गार्डन पार्टी करून स्थानिक संस्थांसाठी निधी उभारायचं घाटतंय. राखेच्या बुधवाराच्या आत उरकायला हवं. एकदा उपवासकाळ लागला की इंद्याळाची (आमच्याकडचं मसालेदार मटण) भांडी कोण चढवणार? पण तोच लग्नांचा हंगाम, केटरर मिळणं मुश्किल. म्हणून महिला मंडळच रांधणार आहे.

पैसे तीन ठिकाणी जाणार: एक वृद्धाश्रम, मूकबधिर मुलांची शाळा आणि आदिवासी पाड्यांवरच्या मुलींचं वसतिगृह. चर्चच्या रंगरंगोटीला यातला रुपयाही वापरायचा नाही, हे फादरांनी पहिल्याच मीटिंगला सांगून टाकलंय.

जागेचं आम्ही बघून घेऊ. टेबलं नारळीखाली मांडायचीत, तेव्हा आधी नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवून घेणार. पाटाचं पाणीही काही दिवस अगोदर तोडणार, नाहीतर खुर्च्यांचे पाय रुततात आणि जरा वजनदार पाहुणा बसला की संपलंच. आजूबाजूच्या गावांतले सगळे येणार, म्हणून शाकाहारी जेवण वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत. दारूचा प्रश्न नाही. नको म्हणजे नको.

अडलंय ते पैशांपाशी. तरुण मंडळींना लकी ड्रॉ हवाय, पहिलं बक्षीस स्कूटर. एक काका म्हणतात पोलीस केस होईल, दुसरे म्हणतात सगळीकडे चालतं. खरं काय? तिकिटं युवक मंडळाच्या नावाने छापली तर चालतील का? लोक ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकर सवलत मिळवायची, पावती मागतायत. आणि दुबई-कॅनडातली आमची माणसं पैसे पाठवायला तयार आहेत, ते घ्यावेत का?

जाणकारांनी सांगावं. आगाऊ आभार.

हिशेबतपासनीस:
लकी ड्रॉ विसरा. तिकीट विकून सोडतीने बक्षीस देणं म्हणजे लॉटरी, आणि १९९८ च्या कायद्याप्रमाणे लॉटरी काढायचा अधिकार फक्त राज्य सरकारांना आहे. 'सगळीकडे चालतं' हे कोणी तक्रार करेपर्यंतच.

तिकिटं चर्चच्या नोंदणीकृत ट्रस्टच्या नावाने छापा, अनुक्रमांक घाला, स्थळप्रती जपून ठेवा. युवक मंडळाची स्वतःची नोंदणी नसेल आणि ते आपल्या नावाने पैसे गोळा करत असतील, तर गणेशोत्सव मंडळं धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१क ची परवानगी घेतात तोच मामला इथेही येतो.

८०जी तिकिटावर मिळत नाही. माणूस जेवला, त्याचा मोबदला वसूल झाला. ती देणगी नव्हे. ज्याला सवलत हवी त्याने ८०जी असलेल्या संस्थेला थेट चेक द्यावा. रोख २,००० रुपयांच्या वर दिली तर सवलत नाही.

परदेशातल्या पैशांचं नीट ऐका, इथे भलेभले फसतात. दुबईतला भाचा भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. कॅनडातल्या मावशीने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र तिचा एक डॉलरही परदेशीच, मग ती जन्माने कितीही वसईकर असो. तुमच्या ट्रस्टची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसेल तर घेऊच नका. असली तरी तो पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच उतरायला हवा.

पडवीकर:
ड्रॉऐवजी बोली लावा की! वाडीतला केळीचा घड, फणस, कुणाच्या हातचं लोणचं. आमच्याकडे एका घडासाठी दोन व्याही इरेला पेटले होते, शेवटी दोघांनीही पैसे भरले आणि घड वृद्धाश्रमाला दिला.

फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) करणार असाल तर घरून तळून आणू नका, गार झाले की चामट होतात. कढई तिथेच लावा. पीठ मात्र एकदम भिजवू नका. दोन-तीन पातेल्यांत थोड्या-थोड्या वेळाने भिजवलं तर शेवटच्या पंगतीपर्यंत आंबून फसफसत नाही. खाण्याच्या तात्पुरत्या स्टॉललाही अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते. स्पीकरची लेखी परवानगी घ्या आणि रात्री १० ला बंद म्हणजे बंद.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. बोलीचं फादरांना एकदम पटलं, स्कूटरवाले जरा फुगून बसलेत. कॅनडाच्या मावशीला फोन कोणी करायचा, यावर मात्र अजून कोणी हात वर केलेला नाही.

एकच राहिलं. मंडप, गॅस, खुर्च्यांचा खर्च जमलेल्या पैशांतून वजा करायचा की त्यासाठी वेगळा देणगीदार बघायचा? तुमच्याकडे काय करता?

हिशेबतपासनीस:
वेगळा देणगीदार मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाहीच मिळाला तर वजा करा, पण जमा, खर्च आणि तिघांना दिलेली रक्कम असा कागद पुढच्या रविवारी चर्चच्या फलकावर लावा.