शब्दचर्चा : मंजूर, मानीव, निकाली – घराच्या बांधकाम अर्जावरचे शब्द

ओसरी
घराचा नकाशा नगरपरिषदेत किंवा महापालिकेत दिला की जे कागद परत येतात, त्यांतल्या शब्दांबद्दल विचारायचे आहे. 'मान्यता', 'मंजुरी', 'परवानगी' आणि 'नाहरकत' हे चार शब्द बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी येतात. कायद्याने ते एकच आहेत का? आणि 'आपला प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे' याचा अर्थ परवानगी मिळाली असा घ्यायचा की नाकारली असा? कोशात 'निकाली काढणे' म्हणजे 'संपवणे' एवढेच दिसते.

पागोळी
एकच नाहीत, आणि फरक महत्त्वाचा आहे.

'मंजूर' हा अरबी शब्द 'नजर'च्याच कुळातला. मूळ अर्थ 'पाहिलेले', नजरेखालून गेलेले. म्हणून नकाशा मंजूर होतो. 'परवानगी' फारसीतून आली. परवाना म्हणजे लेखी हुकूम. म्हणून बांधकामाला परवानगी मिळते. रोजच्या वापरातही आपण 'मंजूर नकाशा' आणि 'बांधकाम परवानगी' असेच म्हणतो, उलट म्हणत नाही. ती जोडी सांभाळली की लिहिण्यातला अर्धा गोंधळ मिटतो.

'मान्यता' बहुतेक वेळा कार्यालयाच्या आतली असते. टिपणीवर वरिष्ठांची सही झाली की 'मान्यता मिळाली' म्हणतात, 'तत्त्वतः मान्यता' तर त्याच्याही आधीची पायरी. अर्जदाराच्या हातात जावक क्रमांक घातलेले पत्र येईपर्यंत परवानगी नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ प्रमाणे परवानगी प्रारंभ प्रमाणपत्राच्या रूपाने दिली जाते. टिपणीवरच्या मान्यतेच्या भरवशावर पाया खणला तर ते बांधकाम अनधिकृतच.

'नाहरकत' चौथ्याच जातीचा. अरबीत 'हरकत' म्हणजे हालचाल. गाण्यातल्या हरकतीत तो अर्थ अजून शिल्लक आहे. मराठी दप्तरात तिचा अर्थ आडकाठी झाला. ज्याला परवानगी द्यायचा अधिकार नाही, पण ज्याची आडकाठी चालते, तो नाहरकत देतो : अग्निशमन विभाग, विमानतळाचे प्राधिकरण, सहमालक. गावठाणाबाहेरच्या जमिनीवर ग्रामपंचायतीचे 'नाहरकत' घेऊन घर बांधणारे याच शब्दात अडकतात. तिथे नियोजनाचा अधिकार पंचायतीकडे नसतो, त्यामुळे तिचा दाखला खरा असूनही परवानगी होत नाही.

तुळई
'निकाली काढणे' हा शब्द अर्जदाराच्या दृष्टीने सर्वांत घातक आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

निकाल लागणे आणि निकाली निघणे यांत फरक आहे. निकालात बाजू असते, निकाली काढण्यात फक्त शेवट असतो. कलम ४५ खाली नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे नगरपरिषद किंवा महापालिकेला, तीनच गोष्टी करता येतात : विनाशर्त परवानगी, सशर्त परवानगी किंवा नकार. सशर्त परवानगी आणि नकार या दोन्हींची कारणे आदेशात द्यावी लागतात. 'निकाली काढला', 'दप्तरी दाखल केला', 'मूळ कागदपत्रांसह परत' हे शब्द या तिन्हींत कुठेच बसत नाहीत. बहुधा त्यामागे एवढेच असते की त्रुटीपत्राला उत्तर आले नाही किंवा शुल्क भरले नाही, म्हणून प्रकरण प्रलंबितांच्या यादीतून काढले.

याने बिघडते ते असे. कलम ४७ प्रमाणे नकाराविरुद्ध किंवा जाचक अटीविरुद्ध राज्य शासनाकडे अपील करता येते, आदेश कळवल्यापासून ४० दिवसांत. 'दप्तरी दाखल'च्या पत्राला आदेश मानायचे की नाही यावरच वाद होतो, आणि तोवर ४० दिवस निघून जातात.

वापराबद्दल माझे मत : 'नामंजूर' किंवा 'परवानगी नाकारली' हे कायद्याचे शब्द, तेच लिहावेत. 'फेटाळला' वृत्तपत्रीय आहे, चालतो. अपील फेटाळले असे म्हणताना तो अधिक शोभतो.

ओसरी
म्हणजे साठ दिवस काहीच कळवले नाही तर परवानगी 'मानीव', हे जे सांगतात ते खरे का? आणि 'मानीव' हा शब्द मराठी आहे की घडवलेला?

पागोळी
अस्सल मराठी घडण आहे. कोरीव, घडीव, रेखीव यांचाच '-ईव' प्रत्यय 'मान' धातूला लागला. नसलेली गोष्ट आहे असे कायद्याने मानणे. सहकारी गृहनिर्माण संस्थांमुळे 'मानीव अभिहस्तांतरण' (डीम्ड कन्व्हेयन्स) घरोघरी पोचले आणि शब्द रुळला. 'गृहीत' किंवा 'समजली गेलेली' यांपेक्षा तो नेटका आहे. शासकीय मराठीने दिलेल्या शब्दांत मला सर्वांत आवडणारा हाच.

तुळई
शब्द चांगला, पण त्याच्या आधाराने काम सुरू करण्यापूर्वी कलम ४५(५) नीट वाचावे. साठ दिवस अर्ज मिळाल्यापासून किंवा प्राधिकरणाने मागितलेली माहिती दिल्यापासून, यांतली जी तारीख नंतरची असेल तिथून मोजायचे. अर्ज ३ जूनला दिला, त्रुटीपत्र १ जुलैला आले, पूर्तता २० जुलैला केली, तर मोजणी २० जुलैपासून. १८ सप्टेंबरपर्यंत काही कळवले नाही तर १९ सप्टेंबरपासून परवानगी मानीव.

तीही प्रस्ताव सर्व नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. बाजूची मोकळी जागा दहा सेंटिमीटरने कमी भरली, तरी मानीवपणा टिकत नाही, आणि हे बहुतेक वेळा जोते झाल्यावर कळते. शिवाय बँकेला कर्जासाठी कागद लागतो, आणि मानीव परवानगीचा कागद आपोआप तयार होत नाही. म्हणून पोच असलेला अर्ज, त्रुटीपत्र, पूर्ततेची पोच आणि शुल्काचे चलन हे चारही जपावेत, आणि मुदत संपल्यावर परवानगी मानीव झाल्याचे लेखी कळवून त्याचीही पोच घ्यावी.

माळवद
मुंबईतल्या 'आयओडी'ला (इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल) मराठी काय म्हणावे? शब्दशः 'नापसंतीची सूचना' होते, पण सगळे तर ती मिळाल्यावर पेढे वाटतात!

पागोळी
पेढे योग्यच आहेत, आणि नावही योग्य आहे. त्यामागे १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचा विचार आहे. त्या कायद्यात मालक परवानगी मागत नाही. कलम ३३७ खाली तो 'मी बांधणार आहे' अशी सूचना देतो. आयुक्तांनी ठरल्या मुदतीत नापसंती कळवली नाही तर तो बांधायला मोकळा. नापसंती कळवायची तर कलम ३४६ खाली कारणे द्यायची आणि कोणत्या अटींवर काम पुढे नेता येईल तेही सांगायचे. म्हणून कागदाची पहिली ओळ 'पसंत करता येत नाही' असे म्हणते आणि खाली अटींची लांब यादी येते : काही काम सुरू करण्यापूर्वीच्या, काही जोत्यापुढच्या कामापूर्वीच्या, काही भोगवट्यापूर्वीच्या, म्हणजे राहायला येण्यापूर्वीच्या. पहिल्या गटातल्या अटी पुऱ्या केल्या की १९६६ च्या अधिनियमाखालचे प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. एकाच घरावर दोन कायद्यांचे दोन कागद येतात ते यामुळे.

भाषांतरात 'नामंजुरी' कधीही लिहू नये, वाचणाऱ्याला प्रकल्प रद्द झाल्यासारखे वाटते. 'सशर्त नापसंतीची सूचना' लिहावे आणि पहिल्या उल्लेखात 'आयओडी' जोडावे.

गंमत म्हणजे तोच जुना विचार आता परत आला आहे. डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई आणि काही विशिष्ट क्षेत्रे सोडून राज्यभर लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशा, कागदपत्रे आणि शुल्क दिले की त्याची पोच हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरला दहा दिवसांत प्रमाणपत्र.

तुळई
इथे एक वाक्य दुरुस्त करायला हवे, कारण ते सगळीकडे चुकीचे छापले जाते : 'दीड हजार चौरस फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही.' गरज आहे. छाननीची पायरी गेली, नियम गेले नाहीत. नियमात बसवण्याची हमी आता परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याच्या सहीवर आहे. बातमीत 'पोच हीच परवानगी' असे लिहावे.

कौलारू
'सीसी' या संक्षेपाबद्दल कोणीच बोलले नाही. काही जण 'सीसी' म्हणजे कमेन्समेंट म्हणतात, काही कम्प्लिशन. घर विकत घेताना 'सीसी आहे' हे वाक्य ऐकून समाधान मानणे किती धोक्याचे! एक काम सुरू करण्याचा कागद, दुसरा संपल्याचा. मराठीत 'प्रारंभ प्रमाणपत्र' आणि 'पूर्णत्वाचा दाखला' म्हटले की वाद राहत नाही. जुन्या कागदांवर पहिल्याला 'बांधकाम चालू करण्याचा दाखला' असेही असते.

आणि 'पूर्णत्वाचा दाखला' व 'भोगवटा प्रमाणपत्र' यांतही गल्लत होते. पहिला वास्तुविशारद देतो : काम मंजूर नकाशाप्रमाणे झाले. दुसरे प्राधिकरण देते : आता राहायला हरकत नाही. पहिला असून दुसरे नसेल तर राहणे नियमबाह्यच.

माळवद
सातबाऱ्यावरचा 'भोगवटादार वर्ग २' याचा त्या भोगवट्याशी काही संबंध?

कौलारू
मूळ शब्द एक, अर्थ वेगळे. सातबाऱ्यावरचा भोगवटा जमीन धारण करण्याचा : वर्ग १ म्हणजे हस्तांतरणावर बंधन नसलेली, वर्ग २ म्हणजे सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना विकता न येणारी. इमारतीचा भोगवटा वापरण्याचा. 'वर्ग १ आहे, म्हणजे भोगवटा मिळालेला आहे' असा युक्तिवाद ऐकू येतो, तो निव्वळ शब्दसाम्यावर उभा आहे.

पागोळी
तसाच 'चटई क्षेत्र'. 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणजे एफएसआय, भूखंडाच्या किती पट बांधता येते तो आकडा, आणि स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मधल्या कार्पेट एरियालाही मराठीत 'चटई क्षेत्र'च म्हणतात. दोन्ही ठिकाणी चटई अंथरलेली, पण मापे निराळी. निर्देशांकात भिंतींसह सारे बांधीव क्षेत्र मोजतात. एकीकृत नियमावलीत तर बाल्कनीसुद्धा बाह्यरेषेच्या आत धरतात. सदनिकेच्या चटई क्षेत्रात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही, आतल्या विभाजक भिंती मात्र आहेत. म्हणून २०० चौरस मीटरच्या भूखंडावर १.१ निर्देशांकाने आलेले २२० चौरस मीटर म्हणजे २२० चौरस मीटरची चटई पसरेल असे नाही. मी तरी 'निर्देशांक' हा शब्द कधीच गाळत नाही.

'सामासिक अंतर' मात्र सुरेख शब्द आहे. हा व्याकरणातला समास नाही, वहीच्या पानाचा समास आहे. पानाच्या कडेला न लिहायची कोरी पट्टी, तशी भूखंडाच्या कडेला न बांधायची मोकळी पट्टी. अर्ज नाकारण्याची कारणे वाचली तर 'सामासिक अंतरे अपुरी' हे वारंवार भेटते.

जोते
'व्यपगत' राहिला. परवानगी रद्द होणे आणि व्यपगत होणे वेगळे. रद्द कोणीतरी करते, व्यपगत ती आपोआप होते. कलम ४८ प्रमाणे परवानगी एक वर्ष चालते. मुदत संपण्यापूर्वी अर्ज केला तर एकेक वर्षाची वाढ मिळते, वाढीव मुदत तीन वर्षांच्या पुढे नाही. त्या काळात जोत्यापर्यंतही काम आले नाही तर नव्याने अर्ज. म्हणून 'नूतनीकरण' आणि 'मुदतवाढ' हे शब्द अर्जात मिसळू नयेत. मुदतीच्या आत मागायची ती मुदतवाढ.

पडवी
इंग्लंडमधल्या मराठी मंडळींसाठी : तिथल्या 'प्लॅनिंग परमिशन'ला 'बांधकाम परवानगी' म्हणू नये, 'नियोजन परवानगी' म्हणावे. बांधकामाच्या तांत्रिक नियमांची मान्यता तिथे वेगळी घ्यावी लागते. घराच्या वाढीव खोलीसारख्या अर्जाला आठ आठवडे असतात. मुदत टळली तर परवानगी मानीव होत नाही, निर्णय न दिल्याबद्दल अपील करता येते. शेजाऱ्यांना कळवून त्यांची मतेही मागवतात. आपल्याकडे 'हरकती व सूचना' हे शब्द येतात ते विकास योजनेच्या प्रारूपावर. साध्या घराच्या अर्जावर अशी जाहीर नोटीस निघत नाही. तिथे वादाचा अर्ज नगरसेवकांच्या समितीपुढे मतदानाला जातो. आपल्या नगरपरिषदेत घराच्या परवानगीवर मुख्याधिकाऱ्यांची सही असते, सभेचा ठराव लागत नाही. म्हणून 'नगरपरिषदेने ठराव करून घराला मंजुरी दिली' हे वाक्य बहुधा चुकीचे असते.

ओसरी
एवढे कळले. मग 'दप्तरी दाखल'चे पत्र हातात पडले तर उत्तरात नेमके कोणते शब्द लिहायचे?

तुळई
मूळ अर्जाचा आवक क्रमांक, तारीख आणि शुल्काचे चलन नमूद करून एवढेच :

'कलम ४५ नुसार परवानगी नाकारली असल्यास तसा कारणांसह लेखी आदेश द्यावा. नाकारली नसल्यास प्रलंबित त्रुटी लेखी कळवून पूर्ततेस मुदत द्यावी व प्रस्ताव पुन्हा विचारात घ्यावा.'

'फेरविचार' हा शब्द टाळा. त्यात नकार झाल्याचे आपणच कबूल केल्यासारखे होते. आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि अपिलाचे ४० दिवस मात्र पहिल्या पत्राच्या तारखेपासूनच मोजा.