माथेरानची म्हातारी घोडी नेरळजवळ आणायची आहे, काय तयारी करू?

लालमाती:
माथेरानला प्रवासी वाहणारी एक घोडी मालक पावसाआधी मोकळी करणार आहे. वय २२ सांगतो. नेरळजवळ १२ गुंठे जागा आहे, काटेरी तारेचं कुंपण, विहिरीला बारमाही पाणी. बसायला, ओझ्याला नको. शेवटपर्यंत नीट सांभाळायची आहे. महिना ७ हजारांत बसवायचं आहे. चंदी, खूर, निवारा याबद्दल सांगा.

पागेवाला:
७ हजारांत घोडा होत नाही. १२ बाय १२ची खोली, खाली रबरी मॅट, वर पंखा. आमच्याकडे मॅट टाकल्यापासून एकाही घोड्याच्या ढोपराला जखम नाही. निम्म्यात काम करायला गेलात तर नंतर दुप्पट जातात.

खरारा:
आधी काटेरी तार काढा. घोडा अडकला की थांबत नाही, हिसका देतो आणि पायाचं कातडं सोलून निघतं. बांबू आडवे बांधले तरी चालेल.
आणि वय तोंडात बघा. वरच्या कोपऱ्याच्या दातावर खाच दहाव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागते आणि विशीला तळापर्यंत पोचते. अंदाजच असतो, पण १४ आणि २२ मधला फरक कळतो.

दावणीला:
रक्ततपासणी केल्याशिवाय आणू नका! ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवाणूजन्य रोग माणसालाही होतो, त्यावर उपचार करत नाहीत, २००९च्या कायद्याने घोडा मारावाच लागतो. नमुना सरकारी पशुवैद्यकामार्फत जातो, खात्री हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. सर्राही (रक्तातल्या परजीवीचा आजार) बघून घ्या: येऊन-जाऊन ताप, पोटाखाली सूज, खाऊनही वाळत जाणं. गोमाश्यांमुळे पसरतो, पावसात जास्त.

पागेवाला:
मॅटचं कुणी मनावर घेत नाही.

कोंडा_कुट्टी:
चंदीचं सांगतो. वजन काढा: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, भागिले ११८८०. घेर १४०, लांबी १२५ असेल तर २०६ किलो. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे ३ ते ४ किलो, दिवसातून चार-पाच वेळा विभागून.
दाढा झिजल्या असतील तर गवत चघळून गोळे खाली टाकेल. तसे गोळे दिसले की लांब कडबा आणि भाताचा पेंढा बंद. बारीक कुट्टी आणि वाळलेला लसूणघास पाण्यात तासभर भिजवून द्या. कोरडं घातलं तर घशात किंवा आतड्यात बसतं, आणि घोड्याला उलटी होत नाही. कोंड्यावर मात्र भर नको. त्यात स्फुरद जास्त, कॅल्शियम कमी, हाडं पोकळ होतात. मूठभर मीठ नको, एक मोठा चमचा पुरे. नवं खाद्य दहा दिवसांत हळूहळू वाढवा.
कोंबडीखाद्य किंवा मोनेन्सिन (खाद्यात मिसळायचं औषध) असलेलं गुरांचं खाद्य चुकूनही तोंडाला लागू देऊ नका, हृदयाचे स्नायूच जातात.

दावणीला:
हिरवी ज्वारीपण नको.

खरारा:
आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या ज्वारीचा कडबा खातात, काही होत नाही.

कोंडा_कुट्टी:
वाळलेला कडबा वेगळा. हिरवी ज्वारी आणि सुदान गवत रोज दिलं तर मूत्राशय बिघडतं, मागचे पाय लटपटतात. दोघांचं बरोबर आहे.

खूरपारखी:
नाल काढून टाका, कामाला नाही तर कशाला. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर तासा. नेरळच्या चिखलात खुराखालची पाचर सडते, काळी पडते, घाण वास येतो. उंचवटा आणि कोरडा मुरूम हवाच. पावसाळ्यातल्या कोवळ्या गवतावर दिवसभर सोडलीत तर खूर तापतात, घोडी पुढचे पाय पुढे टाकून उभी राहते. तसंच लांब केस उन्हाळ्यातही गळत नसतील तर कुशिंगची (म्हाताऱ्या घोड्यांचा संप्रेरकांचा आजार) शंका घ्या. आणि दिवाळीनंतरच आणा, नव्या जागेत पहिला पाऊस म्हाताऱ्या जनावराला झेपत नाही.

दावणीला:
+१, दिवाळीनंतर. एकटा घोडा खंगतो, सोबत शेळी ठेवा.

पागेवाला:
दिवाळीनंतरच. आणि रबरी मॅट.

खरारा:
एक कठीण गोष्ट आत्ताच ठरवा: शेवट. मरण देणाऱ्या इंजेक्शनचं औषध शरीरात राहतं, कुत्री-गिधाडं खाऊन मरतात, म्हणून पुरावंच लागतं. आठ फूट खड्डा, विहिरीपासून लांब. पावसात जेसीबी शेतात उतरत नाही, त्यामुळे जागा रस्त्याच्या कडेची बघा.

लालमाती:
सगळ्यांचे आभार. तरी घोडी मेच्या शेवटच्या आठवड्यातच आणतोय. मालक दिवाळीपर्यंत तिला चारा घालणार नाही, तेवढ्यात ती उरणार नाही. काटेरी तार उतरवली आहे. मुरमाचा ओटा दोन फूट उंच, वर पत्रा, तीन बाजू उघड्या, मॅट नाही. शेळी नाही, शेजाऱ्याचं गाढव कुंपणापलीकडे असतं. रक्ताचा नमुना परवा देतोय, निकाल आल्याशिवाय हलवणार नाही. खड्ड्याची जागा वरच्या बांधाला धरली आहे.
नेरळ-कर्जतकडचा, घाई न करणारा नालबंद कुणाला माहीत आहे का? तिचा मागचा डावा पाय उचलू देत नाही.