मदत हवी आहे: तळ्यातली जलपर्णी औषध न मारता कशी काढावी?

नमस्कार मंडळी. आमचं गाव मालवण तालुक्यात. तळं काही धामापूरएवढं नाही, पण खालच्या मळ्यांतलं वायंगण (उन्हाळी भात), कुळीथ, चवळी सगळं त्याच्याच पाटावर. आता निम्म्याहून जास्त पाणी झाकलं गेलंय.

वनस्पती दोन आहेत. एक फुगीर देठांची, जांभळ्या फुलांची नेहमीची जलपर्णी. दुसरी लहान, मध्यभागी घडी पडलेली पानं, वर बारीक लव. पाणी शिंपडलं तर थेंब घरंगळून जातो. गावात तिला जलपर्णीचीच पिल्लं म्हणतात. मला पटत नाही, कारण तिला फूल आलेलं कुणी पाहिलेलं नाही.

उन्हाळ्यात कंत्राटदाराने जेसीबी लावला आणि ढीग बांधावरच टाकून गेला. मिरगाच्या पावसात तो परत पाण्यात. घाटाच्या जांभ्याच्या पायऱ्या निखळल्या, त्या वेगळ्याच.

आता ग्रामसभेत सूर आहे, "एकदाचा औषद मारा आणि मोकळे होवा." म्हणजे टू-फोर-डी हे तणनाशक. काठालाच पिण्याच्या पाण्याची विहीर आहे हो! आणखी एक टूम निघाली होती मिठाच्या गोण्या ओतायची, कारण सांडव्यावरून वाहून गेलेली जलपर्णी खाडीत मरते हे सगळ्यांना दिसतं. खारं पाणी पाटाने मळ्यात गेलं तर पिकाचं काय, असं विचारल्यावर ते बारगळलं. गवत्या मासे (ग्रास कार्प) सोडा असंही कुणी म्हणतंय. औषधवाल्यांना काय सांगू? आणि दुसरं काय करता येईल?

प्रतिसाद १

तुमची शंका रास्त आहे. दुसरी ती साल्व्हिनिया, मूळची ब्राझीलकडची, नेच्यांच्या कुळातली. तिला बी नाही, तुटलेल्या तुकड्यातून वाढते. जलपर्णीचं बी मात्र गाळात 15-20 वर्षं टिकतं, तेव्हा एका मोसमात तळं साफ करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

औषधाने ती मरेल, पण तिथेच बुडून कुजेल. पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतील आणि कुजलेल्याच्या खतावर उरलेली पुन्हा फोफावेल. शिवाय टू-फोर-डी रुंद पानांवर चालतं. पाटाच्या पाण्यातून ते मळ्यात उतरलं तर भात तगेलही, कुळीथ-चवळीची खात्री नाही. ग्रामसभेत विहिरीआधी हेच सांगा, लवकर पटेल. गवत्या पाण्याखालची मऊ झाडं आवडीने खातो, जलपर्णीला फारसा विचारत नाही.

काढायचीच, पण वाऱ्याच्या कलाने. दुपारी खारे वारे सुटले की सगळा थर पूर्वेच्या काठाला जाऊन दाटतो. तेव्हाच बांबू बांधलेला दोर मागून आडवा ताणायचा, नाहीतर पहाटे मतलई वाऱ्याबरोबर थर परत पसरतो. मग दंताळ्याने ओढा. एप्रिल-मेमध्ये पाणी आटतं तेव्हा काम सर्वांत स्वस्त. ढीग बांधापलीकडे, उतार तळ्याकडे नसेल तिथे. कडकडीत वाळल्याशिवाय शेणात मिसळू नका.

धागाकर्ता

दोराचं लगेच करून बघतो. जलपर्णी खाणारे भुंगेरे सोडतात म्हणे, ते खरं का?

प्रतिसाद १

खरं. जलपर्णीचे भुंगेरे 1980 च्या दशकात बंगळुरूला आणून सोडले गेले. साल्व्हिनियाचा भुंगेरा वेगळा. त्याने केरळात आणि नंतर मध्य प्रदेशात सारणीच्या जलाशयात काम केलंय. एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही, म्हणून नमुने घेऊन दापोलीच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्रवाल्यांना भेटा. भुंगेऱ्यांना वेळ लागतो, आणि ते सोडलेला कोपरा ओढून काढायचा नाही, नाहीतर तेही ढिगात जातील.

आणि वरच्या वाडीतलं सांडपाणी तळ्यात येतंय का? ते आधी बघा. येत असेल तर शोषखड्ड्यांचा ठराव याच ग्रामसभेत घ्या.