इन्सब्रुकमध्ये दीड दिवस, सासू-सासरे सोबत. काय बघावं?

मोरपीस:
जूनच्या पहिल्या आठवड्यात म्युनिकहून व्हेनिसला ट्रेनने जातोय, मध्ये इन्सब्रुकला उतरणार आहोत. दुपारी पोचू, मग दुसरा अख्खा दिवस हातात आहे. सासऱ्यांना इतिहासाचं प्रचंड वेड आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण बर्फाचा डोंगर जवळून बघायचाय ही त्यांची फार वर्षांची इच्छा आहे. ज्याला विचारावं तो म्हणतो सोनेरी छप्पर बघा, फोटो काढा आणि निघा. खरंच एवढंच आहे का तिथे? आणि ते इन्सब्रुक कार्ड घ्यावं का?

पायवाट:
आधी डोंगराचं सांगते. पोचल्या दिवशी आकाश मोकळं असेल तर सामान हॉटेलवर टाकून सरळ वर जा, उद्यावर ढकलू नका, आल्प्समधल्या हवेचा काही भरवसा नसतो आणि दक्षिणेकडून फ्योन नावाचा गरम वारा जोरात सुटला की केबल कार बंद ठेवतात. गावातूनच हुंगरबुर्गबान ही डोंगर चढणारी रेल्वे निघते, तिची स्टेशनं वास्तुविशारद झाहा हदीदने डिझाइन केलीयेत, बर्फ वितळून गोठल्यासारखी दिसतात. पुढे केबल कारने झेग्रुबे (१९०५ मीटर) आणि मग हाफेलेकार (२२५६ मीटर). गाव ५७४ मीटरवर, म्हणजे थोड्याच वेळात जवळजवळ १७०० मीटर वर, त्यामुळे झेग्रुबेला उतरून जरा बसा, चहा-कॉफी घ्या, मग पुढे जा. हाफेलेकारहून शिखराची चढण छोटी आहे पण खडी आणि दगडगोट्यांची, सासूबाईंना तिथे नेऊ नका, स्टेशनजवळूनच एका बाजूला सगळं गाव दिसतं आणि दुसरीकडे कारवेंडेल डोंगररांगेचे कडे. आम्ही जूनमध्येच गेलो होतो, घळींमध्ये बर्फ होता. माझी आई तिथे बराच वेळ नुसती बघत उभी होती.

शिलालेख:
"एवढंच आहे का" वाचून राहवलं नाही. छपरापाशी फोटो काढून निघणाऱ्यांची निम्मी गोष्ट राहून जाते हो! ते छप्पर म्हणजे सम्राट माक्सिमिलियन पहिला याचा सज्जा, १५०० साली पूर्ण झालेला, चौकातले खेळ आणि सोहळे बघायला. वर मुलामा दिलेले तांब्याचे अडीच हजारांहून जास्त पत्रे आहेत. सासऱ्यांना म्हणावं पत्र्यांच्या खाली बघा, तिथल्या शिल्पात तो स्वतः आहे, दोन्ही बायकांसकट.

मग तिथून पाच मिनिटांवर हॉफकिर्शे या चर्चमध्ये जा. आत मधोमध त्याची भलीमोठी समाधी आहे, भोवती माणसापेक्षा मोठे २८ ब्राँझचे पुतळे, पूर्वज, नातलग, राजे, राण्या, आणि समाधी रिकामी. १५१९ मध्ये तो गेला तेव्हा हे काम अर्धवटच होतं, त्याला व्हिएन्नाजवळ वीनर नॉयश्टाटला पुरलं, आणि चर्च नंतर नातवाने, फर्डिनांडने बांधलं. किंग आर्थरचा पुतळा नक्की शोधा, त्याचं डिझाइन जर्मन चित्रकार ड्यूररचं मानतात. आधी छप्पर आणि मग चर्च, हाच क्रम ठेवा, मगच ती रिकामी समाधी मनाला भिडते. चर्चला निदान एक तास द्या, मला दोनही कमी पडले.

दवबिंदू:
कार्ड घ्याच. दिवसांवर नाही, तासांवर चालतं, त्यामुळे २४ तासांचं पोचल्यावर दुपारी सुरू केलं की दुसऱ्या दुपारपर्यंत पुरतं. त्यात केबल कारची एक फेरी, हॉफकिर्शे, आम्ब्रास किल्ला, गावातल्या बस-ट्राम सगळं येतं. श्टाटटुर्म या गावातल्या जुन्या मनोऱ्यावर मात्र शंभरावर पायऱ्या आहेत, सासूबाईंना खालीच थांबू द्या. मारिया टेरेझिया रस्त्याच्या टोकाला १७६५ ची कमान आहे, लेओपोल्डच्या लग्नासाठी बांधत होते आणि सोहळ्यातच त्याचे वडील, सम्राट फ्रान्झ वारले, म्हणून एका बाजूला लग्नाचा आनंद कोरलाय आणि दुसऱ्या बाजूला शोक. दोन्हीकडून बघा.

मोरपीस:
खूप खूप आभार सगळ्यांचे! सासऱ्यांना रिकाम्या समाधीचं वाचून दाखवलं, ते आत्ताच माक्सिमिलियनवर वाचत बसलेत. पहिल्या दुपारी डोंगर, दुसऱ्या सकाळी छप्पर आणि हॉफकिर्शे, असं पक्कं केलं. @पायवाट, वर जूनमध्ये स्वेटर पुरेल का जाकीट घ्यावं?

पायवाट:
जाकीटच घ्या, आणि सासूबाईंसाठी कानटोपी. हाफेलेकारला वारा झोंबतो.