ग्रूबीची फुलदाणी घरात: साच्यातली प्रतिकृती चालेल का?

मातकट:
बोस्टनच्या ग्रूबी फायन्स या मातीची भांडी करणाऱ्या कंपनीच्या, 1900च्या आसपासच्या मॅट हिरव्या पानांच्या फुलदाण्यांच्या ओतीव (पातळ माती साच्यात ओतून केलेल्या) प्रतिकृती मिळतात. रोजच्या घरात त्याच ठेवाव्यात असं माझं मत. टेबललॅम्प करायचा तर तळाला साधारण 10 मिमीचं भोक लागतं. मूळ फुलदाणीला ते पाडलं की तिची किंमत गेलीच.

चाकधारी:
साफ असहमत. ग्रूबीचं मर्म पानात आहे. भांडं चाकावरचं, त्यावर मातीच्या बारीक वळ्या चिकटवून, बोटाने दाबून कडा नि शिरा काढलेल्या. कड उठावदार असली की झिलई तिथे पातळ होते आणि फिकी रेघ उमटते. किती सुंदर दिसते ती! साच्यात कड बोथट होते, वर जाड झिलई बसली की पानाचा नुसता उंचवटा उरतो. शिवाय मूळ वस्तूवरूनच साचा घेतला तर वाळताना-भाजताना माती दहा-बारा टक्के आकसते. 30 सेंमीची फुलदाणी साडेसव्वीस-सत्तावीसची होते. आत हात घालून बघा: ओतीव भांड्यात पानामागे खळगा लागतो, चाकावरच्यात बोटांच्या गोल रेषा.

भट्टीवाली:
साच्याला का दोष? अमेरिकेतल्या इलिनॉयची टेको ही त्याच काळातली भांडी मुख्यतः साच्यातलीच, तिला कोण कमी लेखतं? बिघडतं ते झिलईत. 1220 अंशांना नेऊन भट्टी तशीच बंद केली, तर झिलईत स्फटिक धरायला वेळ मिळत नाही, चकाकी येते. 1100 ते 950 हा टप्पा तासाला 60-70 अंशांनी उतरवा. काहीजण चकचकीत झिलईवर वाळूचा मारा करून ती मॅट करतात. तसं नको, तेलकट बोटांचे डाग पक्के बसतात. आणि फळांच्या वाडग्याला शिशाची झिलई अजिबात नको. हिरव्या रंगासाठी तांबं घातलं की शिसं आणखी सुटतं.

चाकधारी:
टेकोचं मान्य, तिचे आकारच साच्यासाठी काढलेले. म्हणून तिची ओतीव प्रतिकृती चालेल, ग्रूबीची नाही.

मातकट:
पानांचं पटलं. मग भांडं ओतीव, पानं हाताने, असं करता येईल?

भट्टीवाली:
येईल. भांडं ओलसर-घट्ट असतानाच वळ्या लावा, त्याच मातीच्या. भांडं वाळलेलं असेल तर दोन्ही वेगवेगळं आकसतं आणि पान मुळाशी सुटतं. तळावर आपलाच शिक्का नि साल कोरा, ग्रूबीचं नाव नको. नाहीतर दोन हात फिरल्यावर तीच वस्तू मूळ म्हणून विकली जाते.